अक्का, मी तुझ्यासाठी थांबलो नव्हतो

अक्का, मी खोटं बोललो होतो. पुण्याची नोकरी मी तुझ्यासाठी सोडली नव्हती. मी भ्यालो होतो, म्हणून परत आलो होतो. एवढं तुझ्यासमोर बोलायला मला चौदा वर्षं पुरली नाहीत, आणि आता ऐकायला तू नाहीस तेव्हा तेच दिवसातून दहा वेळा तोंडात येतंय.

सोमवारी बुद्धविहारात तुझं पुण्यानुमोदन झालं. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. दुकान उघडतो, पंपाची मोटार बाकावर घेतो, जळलेल्या तारा उपसायला लागतो आणि मध्येच उठून रस्त्यावर जाऊन उभा राहतो. काल एक जण सायकल टेकवून म्हणाला, "उत्तमभाऊ, मोटार कधी भरून देता? केळी सुकून राहिली ना." मी म्हणालो, उद्या. तो म्हणाला, "तुमचा उद्या लई लांब असतो बुवा." हे लिहायला बसलो त्यालाही आज तिसरा दिवस. दोन पानं फाडली. त्यांत तू किती चांगली होतीस तेच लिहून झालं होतं. ते डोंगरकड्यात कुणालाही विचारलं तरी सांगतील. मला जे लिहायचंय ते तुझ्याबद्दल नाही, माझ्याबद्दल आहे.

माझं बोलावणं आलं तो जानेवारी. तेव्हा आपला जिल्हा परभणीच होता. नांदेडच्या आयटीआयमधल्या सरांनी माझं नाव पाठवलं होतं, मी मुलाखत देऊन आलो होतो आणि विसरूनही गेलो होतो. मग ते पाकीट आलं. भोसरीतला विजेच्या मोटारी बनवणारा कारखाना. सहा महिने शिकाऊ, नंतर कायम. मायनं गल्लीत साखर वाटली. बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि घरात चांगला कागद घेऊन येणारा हा पहिलाच पोस्टमन, असं माय म्हणाली.

मला निघायला पाच दिवस होते आणि तू आलीस. पत्र्याची पेटी, अंगावरचं लुगडं आणि पायात दोन वेगवेगळ्या चपला. दाजींनी दुसरी बाई घरात आणली होती. मायनं हंबरडा फोडला. तू पेटी खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "मी आले म्हणून कुणी रडायचं न्हाई. उत्तमची बॅग कोण भरतंय?"

माझ्या शर्टाला इस्त्री तूच केलीस, तांब्यात निखारे घालून. दोन बटणं लावलीस. मी मुलाखतीच्या वेळी वाकडा भांग पाडला होता म्हणून मला आरशासमोर उभं केलंस. "तिकडं काहून-बिहून म्हणू नको, 'का' म्हण," असं शिकवलंस, आणि पुढच्याच वाक्यात तूच मला विचारलंस, "काहून हसून राहिलास रे?" पाच दिवस तू स्वतःबद्दल एक अक्षर बोलली नाहीस. मीही विचारलं नाही. मला वाटलं, जाताना विचारीन. जाताना एसटी लागली होती.

आता पुण्याचं सांगतो. तुला कधीच नीट सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी उतरलो. कळमनुरीकडचा एक ओळखीचा होता, त्याच्या खोलीवर गेलो. एका खोलीत नऊ जण. अंथरुणं पाचच. पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला की तिसऱ्या पाळीचा येऊन त्याच अंथरुणात शिरायचा. मला जे अंथरूण मिळालं ते गरम होतं. कुणाच्या तरी अंगाची ऊब होती त्यात. अक्का, ती माणसं वाईट नव्हती. त्यांनी मला जेवू घातलं, रविवारी कारखान्याचा रस्ता दाखवला, "घाबरू नको, पंधरा दिवसात सवय होते" असं सगळ्यांनी सांगितलं. मला ते पंधरा दिवसच दिसायला लागले.

सोमवारी साडेसहालाच गेटासमोर जाऊन उभा राहिलो. तू केलेली इस्त्री अजून मोडली नव्हती. सायकलींची रांग आत जात होती, सगळ्यांचे शर्ट एकाच रंगाचे, आणि दाराशी भिंतीवर एक यंत्र होतं. प्रत्येक जण त्यात कार्ड घालायचा, यंत्र खट्‌ करायचं, माणूस आत. वॉचमननं विचारलं, "कुठला रे?" मी म्हणालो, "डोंगरकडा." "ते कुठं आलं?" मी म्हणालो, "हिंगोलीजवळ." त्याला हिंगोलीही माहीत नव्हती. तो काही हसला नाही, टोचून बोलला नाही. "थांब बाजूला, भोंगा झाला की साहेब येतील," एवढंच म्हणाला.

भोंगा झाला. मोठं फाटक लावून घेतलं आणि शेजारचं छोटं दार उघडं ठेवलं. त्या दारातून आत जायला मला वाकावं लागलं असतं, एवढंच. बोलावण्याचा कागद माझ्या खिशात होता. वॉचमननं हाक मारली, "ए हिंगोली, येतो का?" मी म्हणालो, "माझा माणूस येऊन राहिला, त्याच्याबरोबर येतो." कोण माणूस? कुणीच येणार नव्हतं. मी रस्ता ओलांडला आणि चालायला लागलो.

कामाची भीती नव्हती, हे तू मान. मोटार भरणं तेव्हाही माझ्या हातात होतं. आत गेल्यावर मी चुकलो तर 'आपलं पोरगं हाय, शिकंल' म्हणणारं कुणी नसणार, हे मला गेटाबाहेर कळलं. तेवढ्यानं मी फिरलो. दुसरं कारण खूप शोधलं, चौदा वर्षं शोधलं. सापडलं नाही. तू त्या दिवशी मला एकदाही आठवली नव्हतीस, अक्का. हे खरं आहे. मला मायच्या हातची भाकर आठवली, आपला ओटा आठवला, तू नाही.

बुधवारी दुपारी घरी पोचलो. तू दारात सुपात डाळ घेऊन खडे काढत होतीस. मायनं मला बघितलं आणि तिच्या हातातली कळशी कलली.

"काहून आलास रे?"

मी रस्ताभर ठरवत आलो होतो की खरं सांगायचं. बसमध्ये वाक्यसुद्धा जुळवलं होतं. पण मायच्या मागे तू मान वर करून बघत होतीस, आणि माझ्या तोंडातून निघालं, "अक्का इथं अशी. मी तिकडं कसा राहू?"

मायनं कळशी खाली ठेवली, दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं आणि बोटं कानशिलावर मोडली. "माझा लेक," म्हणाली. मला आयुष्यात एवढं कुणी कधी वाखाणलं नव्हतं. पळून आलेल्या माणसाला दोन मिनिटांत एवढं मिळालं तर तो ते परत कसं देईल? तुझ्या हातातलं सूप मात्र तसंच राहिलं. तू म्हणालीस, "उत्त्या, मी काय लेकरू हाय? जा परत."

तू हे महिनाभर म्हणत राहिलीस. भाकर वाढताना, पाणी भरताना, मी झोपायला पाठ टेकली की. "झाडाला जागा सोडता येत न्हाई म्हणून ते उभं राहतं. माणसाला पाय कशाला दिलेत?" मी म्हणायचो, "सगळेच गेले तर गावात कोण राहील?" तू म्हणायचीस, "गावाची काळजी गाव करंल. तुझं सांग." हा वाद आपण पुढे कितीतरी वेळा घातला, तुझ्या बाजूनं तू खरी, माझ्या बाजूनं मी खोटा, म्हणून तो कधी मिटलाच नाही. माझं खरं म्हणणं मी त्यात कधी मांडलंच नव्हतं.

आणि मग तू मला न सांगता कारखान्याला पत्र लिहिलंस. आंतर्देशीय पत्रावर, तुझ्या त्या गोल, एकमेकांना न चिकटणाऱ्या अक्षरात. काय लिहिलंस ते मी नंतर वाचलं, कारण तू कच्चा कागद ठेवला होतास. 'माझे घरगुती अडचणीमुळे माझ्या भावास हजर होता आले नाही. यात त्याचा दोष नाही. कृपया त्यास पुन्हा संधी द्यावी.' यात त्याचा दोष नाही! अक्का, हे वाक्य मी कितीदा वाचलंय.

कारखान्यानं उत्तर दिलं. कुणी देत नाही असं, पण दिलं. महिनाअखेरपर्यंत हजर राहावे. तू तो कागद पदराखाली लपवून आणलास, चेहरा असा की जत्रेतून आलीस. "घे. आता बोल."

मला तो दिवस नको वाटतो. पहिलं खोटं निसटलं होतं, त्याला मी स्वतःला थोडी सूट देतो. दुसऱ्याला देत नाही. कागद हातात घेतला आणि माझ्या पोटात तेच छोटं दार उघडलं. मी तुला म्हणालो, "तू एकटी, माय म्हातारी. दाजी येऊन उद्या काही तमाशा केला तर?" तू म्हणालीस, "दाजीचं मी बघते." "लोक काय म्हणतील?" "लोकाचंबी मी बघते. तुझी बराबर अडचण काय हाय ते सांग." तू माझ्याकडे सरळ बघत होतीस. मी उठलो आणि गुणाजीकाकांकडे गेलो.

गुणाजीकाका म्हणजे आपल्या गल्लीचा शब्द. बाबा गेल्यावर बाबांच्या जागी तेच. त्यांना मी सांगितलं की अक्का मला जा म्हणते, पण बहिणीला अशा वेळी टाकून जायला माझं मन होत नाही. मला माहीत होतं की काकांना सांगितलेलं संध्याकाळपर्यंत विहारात पोचतं. मला तेच हवं होतं. गावानं एकदा मला थांबवलं की मग जायचं की नाही हे मला ठरवावं लागणार नव्हतं. झालं तसंच. दोन दिवसांत जो भेटेल तो माझ्या खांद्यावर हात ठेवायला लागला. महिनाअखेर आली आणि गेली. तू कागदाची घडी घातलीस आणि पेटीत ठेवलीस.

त्या वर्षीच्या जयंतीला मंडळानं माझा सत्कार केला. शाल, हार, आणि माइकवरून काकांचं भाषण: पोरानं बहिणीसाठी पुण्याची नोकरी लाथाडली. टाळ्या पडल्या. तू बायकांच्या बाजूला दुसऱ्या रांगेत होतीस. तूही टाळ्या वाजवल्यास. तोपर्यंत दर रविवारी विहारात वंदना तू म्हणायला लावायचीस, पोरांना पुढे बसवून. त्या जयंतीनंतर तू मागे बसायला लागलीस. कुणी विचारलं तर म्हणायचीस, "घसा बसला." तो घसा पुढे कायमचाच बसला. शालीची ऊब मला होती, आणि तुला काय होतं? 'भावाची नोकरी खाल्लेली बहीण.' हे कुणी तुझ्या तोंडावर म्हणत नव्हतं. नळावर म्हणत होते. तू घागर भरून येताना कधीकधी नुसतीच जोरात ठेवायचीस, तेव्हा मला कळायचं.

तरी तू मला या दुकानात उभं केलंस. तुझे आभार मानायची पद्धत आपल्या घरात नाही, म्हणून तेही राहून गेलं. मोटार भरताना कॉइलचे वेढे मोजावे लागतात. एखादा वेढा चुकला तर मोटार चालते, पण तापते आणि पुन्हा जळते. कुणी मध्येच बोललं की माझा आकडा जायचा. तू बालवाडीत शिकवायला लागली होतीस, ती सुटली की दुकानात येऊन बसायचीस आणि मोजायचीस. भाजी निवडत निवडत, माझ्याकडे न बघता. मी थांबलो की आवाज यायचा, "एकोणसाठ झाले. पुढं चल." एकदा एका गिऱ्हाइकाशी माझं वाजलं, तो गेल्यावर तू म्हणालीस, "मोटारीपरीस तूच लवकर जळतोस. तुला कोण भरून देणार?" त्या दिवशी हसून हसून माझा आकडा गेला आणि तुझाही गेला, आणि सगळी कॉइल उलगडावी लागली.

बालवाडी, मुक्त विद्यापीठाची पुस्तकं, माझ्या-शोभाच्या पोरीचा अभ्यास, मायची औषधं. सगळं तू ओढत होतीस. परीक्षेला हिंगोलीला जायचीस ते डबा घेऊन, एकटी. बीए झालीस तेव्हा शोभानं शिरा केला. शोभा वाईट नाही, तुला माहीत आहे. पण एकदा भांडणात ती तुला म्हणाली होती, "तुमच्यामुळं आमचं पुणं गेलं, न्हाईतर आज माझी पोरगी चांगल्या शाळेत असती." मी आतल्या खोलीत होतो. तू काही उत्तर देशील म्हणून मी वाट बघत राहिलो. तू भांडी घासत राहिलीस. मी आतून बाहेर आलो नाही. चार पावलांचं अंतर होतं. शोभाला तरी मी कुठं खरं सांगितलं होतं? तिनंही लग्न 'बहिणीसाठी नोकरी सोडणाऱ्या' माणसाशीच केलं होतं.

आता ते सांगायला लागणार जे सांगायला मी तीन दिवस उठबस करतोय.

सहा वर्षांपूर्वी औरंगाबादहून तुला पत्र आलं. मुलींच्या वसतिगृहाला गृहपाल बाई हव्या होत्या. परीक्षेच्या केंद्रावरच्या मॅडमनी तुझं नाव सुचवलं होतं. राहायला खोली, साठ मुली, वाचनालय. तू पत्र घेऊन थेट दुकानात आलीस. मी कॉइल घालत होतो. तू स्टुलावर बसलीस आणि नेहमीसारखी मोजायला लागली नाहीस.

"उत्तम, एक इचारू?"

"इचार की."

"औरंगाबादचं आलंय." तू कागद वाचून दाखवलास. वाचताना 'वाचनालय' या शब्दाशी तुझा आवाज जरा वर गेला. मग म्हणालीस, "मला जाऊ वाटतं. पण तू माझ्यासाठी पुणं सोडलंस. मी तुला, मायला टाकून माझं बघायला निघाले तर ते बराबर हाय का? तू सांग. तू जा म्हणलास तर जाईन."

अक्का, तुझं वय तेव्हा एकोणचाळीस होतं. तुझ्यासमोर एक दार उघडं होतं आणि तू माझ्यासारखी भीत नव्हतीस. तू फक्त माझी लाज राखत होतीस. मी एवढंच म्हणायचं होतं, की अग, मी तुझ्यासाठी राहिलोच नव्हतो, तुझं माझ्याकडे काही देणं नाही, जा. तोंडाशी आलं होतं. मग मला दिसलं की हे बोललो तर ती शाल गेली. मायचे ते दोन हात गेले. शोभा काय म्हणेल. काका काय म्हणतील. आणि तू गेलीस तर मायला कोण बघणार, पोरीचा अभ्यास कोण घेणार, हेही मनात आलं. हेही लिहून टाकतो. तू जाऊ नयेस असं मला वाटत होतं, कारण तू असण्यानं माझं सगळं सोपं होतं.

मी वेढे मोजत राहिलो. "बेचाळीस, त्रेचाळीस..." आणि म्हणालो, "तुझी मर्जी."

तू कागदाची घडी घातलीस. मग म्हणालीस, "चव्वेचाळीस." आणि उठून गेलीस.

नकाराचं पत्र तू त्याच संध्याकाळी लिहिलंस. दुसऱ्या दिवशी डाकेत टाकायला तू मलाच दिलंस आणि मी ते टाकलं. त्यानंतर माझं काम चाललं, दुकानाला पत्रे झाले, हिंगोली स्वतःचा जिल्हा होऊन जुनी झाली, आणि आपण दोघं औरंगाबादबद्दल एकदाही बोललो नाही.

नांदेडच्या दवाखान्यात तुझे शेवटचे चार दिवस. तिसऱ्या दुपारी तुला जरा बरं वाटत होतं. शोभा डबा आणायला गेली होती. तू खिडकीकडे बघत होतीस आणि तसंच बघत म्हणालीस, "उत्तम, तवा पुण्याला तू कारखान्याच्या गेटापस्तोर गेला व्हतास का?"

चौदा वर्षांत तू हे पहिल्यांदा विचारलंस. का विचारलंस? मला माहीत नाही. आता कधीच कळणार नाही. तुला संशय होता का, का नुसतं आठवलं म्हणून विचारलंस, का तुला जाताना मला एक संधी द्यायची होती? या तीन गोष्टींमध्ये मी रात्रंदिवस फिरतोय. मी म्हणालो, "न्हाई अक्का. बसमधनंच परत फिरलो. तुझाच चेहरा दिसून राहिला व्हता."

तू म्हणालीस, "व्हय का." नर्स सलाइन बदलायला आली. मी खाली चहा प्यायला गेलो. गेलो कसला, पळालो. मला पळता चांगलं येतं. दुसऱ्या दिवशी तू बोलायच्या स्थितीत नव्हतीस.

मग सोमवार. विहारात सगळे जमले, वंदना झाली, एकेक जण उठून तुझ्याबद्दल दोन शब्द बोलायला लागला. तुझ्या बालवाडीतली दोन पोरं आता कॉलेजात जातात, ती बोलली आणि चांगलं बोलली. मग गुणाजीकाका उठले. आता त्यांना काठी लागते. "बहीण-भावाचं नातं कसं असावं," ते म्हणाले, "तर या घरासारखं. उत्तमनं हिच्यासाठी पुण्याची नोकरी लाथाडली. आजकाल कोण करतं?" माना हलल्या. तुझ्या पुण्यानुमोदनात, अक्का, शेवटी माझंच कौतुक चाललं होतं. तिथंही तू ओझंच होतीस आणि मी ते उचलणारा.

मी उठलो. शोभानं शर्ट ओढला. "अहो, बसा. तुमाला बोलवंल का? जेवणं व्हायची हायत."

मी माइक घेतला. काय बोलायचं ते जुळवलं नव्हतं. जुळवलेलं मला कधी बोलता आलं नाही. मी गेटापासून सुरू केलं. वॉचमन, छोटं दार, बुधवारची दुपार. तुझं पत्र, कारखान्याचं दुसरं बोलावणं. काकांकडे मी का गेलो होतो ते. औरंगाबाद. दुकानातलं 'तुझी मर्जी'. शोभा माझ्याकडे बघत नव्हती, तिनं मान खाली घातली होती.

काका काठी टेकून उठले. "उत्तम, दुःखात माणूस काहीबी बोलतो. बस आता."

त्यांनी मला वाट करून दिली होती, चांगल्या मनानं. मी बसलो असतो तर सगळ्यांनी ते विसरल्यासारखं केलं असतं. मी म्हणालो, "काका, दुःखात न्हाई बोलून राहिलो. शुद्धीवर हाय."

पुढे बायकांत माय बसली होती. तिला आता कमी ऐकू येतं, तुला माहीतच आहे. तिनं शेजारणीला विचारलं, "काय म्हणून राहिला गं तो?" शेजारीण म्हणाली, "काही न्हाई माय, रडून राहिला." मी माइक ठेवला, बायकांमधून वाट काढत मायसमोर जाऊन बसलो आणि तिच्या कानाशी तोंड नेलं. मोठ्यानं बोलावं लागलं, म्हणून सगळ्यांनी ते दुसऱ्यांदा ऐकलं.

"माय, मी अक्कासाठी परत आलो नव्हतो. मी भ्यालो व्हतो."

मग तिनं विचारलं, "मंग ती काहून राहिली?"

मी तिला उत्तर दिलं, पण ते तिला नव्हतं. मायचा हात हातात धरून, सगळ्यांच्या देखत, जितका मोठा आवाज निघेल तितक्या आवाजात मी म्हणालो, "माझ्यामुळं राहिली. अक्का, तू मला अडवलं नव्हतंस. मीच तुला अडवून ठेवलं, आणि लोकांना उलटं सांगितलं. माझं चुकलं. मला माफ कर."